मुक्या तारेचा खर्च



आज खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ शाळांतून संगणकाची खोली असते. तिथे भिंतीवर एक चपटी पेटी दिसते. तिला स्विच म्हणतात. दिव्याचे बटण ते निराळे, बरं का! एका संगणकाचा निरोप नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोचवायचा, हे हिचे काम. शाळा सुटते, मुले घरी जातात; पण पेटी जागीच. निरोप नाही की बोलणे नाही, मग वीज कशापायी जळते? या प्रश्नाला एक छोटासा इतिहास आहे.

१९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी संगणक जोडण्याची 'ईथरनेट' ही पद्धत काढली. एकच तार आणि सगळी यंत्रे तिला जोडलेली. चावडीवर दोघे एकदम बोलू लागले की दोघेही थबकतात, तसाच हा कारभार. कोणी बोलत नसले की तार शांत.

पुढे वेग वाढला. १९९५ साली सेकंदाला दहा कोटी बिटांचे प्रमाण ठरले. १९९९ साली साध्या तांब्याच्या तारेवर शंभर कोटींचे. इतक्या वेगात दोन्ही टोकांचा ताल सुटून चालत नाही. भजनात बुवा थांबले तरी टाळ चालूच राहतो ना? तसे निरोप नसतानाही भरतीचे संकेत अखंड वाहू लागले. वीज जाऊ लागली ती इथे.

२००३ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथील परिषदेत मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी निबंध मांडून विचारले, की रिकाम्या वेळी ही यंत्रे झोपवता येणार नाहीत का? पुढे केन ख्रिस्टेन्सन आणि ब्रूस नॉर्डमन यांनी सुचविले, की काम कमी असेल तेव्हा वेगच उतरवावा. पण वेग नव्याने ठरवायला एखाददुसरा सेकंदही जाई, आणि तेवढ्यात निरोपांची रांग लागे. म्हणून २०१० च्या प्रमाणात वेग तोच ठेवून तारेला डुलकी घेऊ देण्याचे ठरले. ताल सुटू नये म्हणून ती मधून मधून जागी होते.

शंभर कोटींच्या तारेला जागे व्हायला सेकंदाचे सुमारे साडेसोळा दशलक्षांश भाग लागतात. दीड हजार बाइटांचा निरोप मात्र बारा भागांतच जातो. म्हणजे निरोप एकेक करून आले, तर जाण्यापेक्षा उठण्यातच वेळ अधिक! यावर तोड वडापवाल्याची: चार उतारू जमू द्यावेत, मग गाडी हाकावी. अर्थात पहिल्या उतारूला खोळंबावे लागते. म्हणूनच आवाज क्षणाचाही खंड न पडता पोचवायचा असतो, तिथे जाणकार ही सोय बंद ठेवतात.

आता हिशेब करू. समजा, तारेच्या एका जोडामागे एक वॅट वाचला. वर्षभर अखंड धरल्यास पावणेनऊ युनिटे होतात. चोवीस जोडांची दोनशे दहा. मात्र दोन्ही टोकांची यंत्रे या सोयीची हवीत. एक टोक जुने असेल, तर दुसऱ्यालाही झोप नाही.

आणि गुरुजी, तार झोपली तरी पेटीचा स्वतःचा खर्च चालूच राहतो, हे विसरू नका. रात्री तिच्यावर कोणाचे काम अडत नसेल, तर कुलूप लावण्यापूर्वी भिंतीवरचे ते दुसरे स्विच, दिव्याच्या बटणासारखे, तेवढे खाली करावे.