गोदावरी नावाची युद्धनौका

सानपाड्याहून हार्बर लोकलने सीएसएमटीला निघालो की रे रोडनंतर माझी नजर पूर्वेकडे जाते. डॉकयार्ड रोड स्टेशन येते. इथून जवळच्या माझगाव डॉकमध्ये आयएनएस गोदावरी बांधली गेली. १९८० मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचे नाव मिळालेली ही भारतात आरेखित झालेली पहिली क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट.

माझगाव डॉक त्याआधी ब्रिटिश लिएंडर बनावटीच्या फ्रिगेट बांधत होती. तोच अनुभव घेऊन आपल्या आरेखनकारांनी मोठी नौका आखली. तिच्यावर क्षेपणास्त्रे सोव्हिएत, हेलिकॉप्टर ब्रिटिश सी किंग. वेगवेगळ्या मुलखांतली यंत्रे एका नौकेवर नांदवणे हेच खरे कसब होते. एका तासाला उर्दू आणि पुढच्या तासाला मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ते चटकन समजते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. आपले छत्रीसैनिक मालेत पोहोचताच काही बंडखोर 'प्रोग्रेस लाइट' या जहाजातून ओलीस घेऊन पळाले. गोदावरी आणि बेतवा यांनी ते जहाज गाठले आणि ६ नोव्हेंबरला ताब्यात घेतले.

वर्गात हे सांगत असताना एका मुलाने विचारले, "सर, ती पाकिस्तानच्या जहाजाला धडकली होती ना? चूक कोणाची?"

तो १६ जून २०११ चा प्रसंग. सोमाली चाच्यांनी दहा महिने ओलीस ठेवलेले 'एमव्ही सुएझ' नुकतेच सुटले होते. पाकिस्तानचे अन्सार बर्नी यांनी खंडणीची रक्कम उभी करण्यासाठी धडपड केली होती. सुएझच्या मदतीला निघालेली पीएनएस बाबर आणि आपली गोदावरी एकमेकींना घासल्या. दोन्ही नौदलांच्या जहाजांनी परस्परांपासून किमान तीन सागरी मैल दूर राहावे, असा १९९१ चा करार आहे. भारत म्हणाला, बाबर धोकादायकरीत्या जवळ आली. पाकिस्तान म्हणाला, गोदावरीने अडथळा आणला. दोघांनीही निषेध नोंदवले. मी दोन्ही लिप्यांत बातम्या वाचल्या. प्रत्येकीत दोषी दुसराच होता.

मुलाला मी ही दोन्ही म्हणणी सांगितली. मग फळ्यावर सुएझच्या खलाशांचा हिशेब मांडला : इजिप्तचे ११, भारताचे ६, पाकिस्तानचे ४, श्रीलंकेचा १. एकूण २२. घासाघाशीच्या बातम्यांत हे बावीस जण मागे पडले होते. पुढे पाकिस्तानी नौदलाने त्यांना कराचीला आणले आणि तिथून आपले सहाजण घरी परतले.

गोदावरी २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत निवृत्त झाली. नौकेचा इतिहास शिकवताना तिच्यावर कोणती शस्त्रे होती हे मी सांगतोच. पण कोणाची माणसे घरी पोहोचली, हा प्रश्नही आता वहीत लिहून घ्यायला लावतो.