अपशकुनी भिक्खू : ‘मृच्छकटिक’ आपण कसे करायचे?

जुने संस्कृत नाटक आजच्या प्रेक्षकांसाठी नव्याने करायचे म्हटले की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. नाट्यवर्तुळातले लोक म्हणतात, भाषा सोपी करा, अंक कमी करा, नेपथ्य बदला, झाले काम. आपल्या चळवळीतले तरुण म्हणतात, ते त्यांचे नाटक, त्यात आपले काय? पहिल्यांना आशय तपासायचा नाही आणि दुसऱ्यांनी तो तपासण्याआधीच सोडून दिला आहे. शूद्रकाच्या नावावर असलेले ‘मृच्छकटिक’ मात्र असे सोडून देता येणार नाही. कारण ते बाबासाहेबांनी तपासले होते.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधले. गावाबाहेर राहणारी वाताहत झालेली माणसे बौद्ध होती, ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानत नव्हती आणि बौद्धांविषयीचा तिरस्कार हे अस्पृश्यतेचे एक मूळ आहे, ही त्यांची मांडणी. हा तिरस्कार केवळ पोथीत नव्हता, तो रोजच्या जगण्यात मुरला होता, हे दाखवण्यासाठी त्यांनी स्मृतिवचनांच्या जोडीला या नाटकातले सातव्या आणि आठव्या अंकातले प्रसंग दिले. ज्या नाटकात बाकीच्यांना प्रेमकथा दिसली, त्यात त्यांना साक्ष सापडली.

ते प्रसंग काय आहेत? उज्जयिनीचा चारुदत्त हा दानधर्मात कफल्लक झालेला ब्राह्मण व्यापारी. नाटकातला सर्वांत सज्जन माणूस. वसंतसेना या गणिकेचे त्याच्यावर प्रेम आहे. सातव्या अंकाच्या शेवटी बागेतून निघताना त्याला समोरून बौद्ध श्रमण येताना दिसतो. चारुदत्ताला ते दर्शन अशुभ वाटते आणि तो वाट बदलतो. श्रमणाने काहीही केलेले नाही. तो फक्त समोरून आला आहे.

आठव्या अंकात हाच भिक्खू बागेतल्या तळ्यात आपले चीवर धुतो. तिथे राजाचा मेहुणा शकार येतो, त्याला शिव्या देतो आणि मारहाण करतो. शकाराचा आक्षेप काय? या तळ्यात कुत्री-कोल्ही पाणी पितात, ते चालते. भिक्खूने वस्त्र धुतलेले चालत नाही. वाचणाऱ्याला २० मार्च १९२७ आठवल्याशिवाय राहत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. नाटक आणि महाड यांच्यामध्ये दीड हजार वर्षांच्या आसपासचे अंतर आहे. तरी पाण्याचा हिशेब तोच राहिला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धर्मग्रंथ समाजाने कसे वागावे ते सांगतो. समाज प्रत्यक्षात कसा वागतो, हे विनोदी नाटकातून जास्त कळते. प्रेक्षक हसावा म्हणून नाटककार जे लिहितो, ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असावे लागते. श्रमण दिसल्यावर वाट बदलणारा नायक लिहिताना शूद्रकाला त्याचे कारण द्यावेसे वाटले नाही. कारण प्रेक्षकाला ते सांगायची गरज नव्हती. ही न दिलेली कारणेच इतिहासाच्या अभ्यासकासाठी महत्त्वाची असतात.

पण नाटक इथेच थांबत नाही आणि म्हणूनच ते आपल्या कामाचे आहे. हा भिक्खू कोण? पाटलीपुत्राहून आलेला संवाहक, म्हणजे अंग चेपून पोट भरणारा माणूस. पुढे जुगारी झालेला. दहा सुवर्णांच्या कर्जापायी मार खाताना वसंतसेनेने त्याला सोडवले आणि त्याने चीवर घेतले. आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि मेली समजून पाचोळ्याखाली टाकून जातो. तिला पाणी देऊन जगवणारा हा भिक्खू. विहारात आसरा मिळवून देणारा तोच. दहाव्या अंकात चारुदत्ताच्या मानेवर तलवार उगारली असताना तिला वधस्थानी घेऊन येणाराही तोच. ज्याला पाहून चारुदत्ताने वाट बदलली, त्याच्यामुळेच चारुदत्त जिवंत राहतो. नव्या दिग्दर्शकाने सातव्या अंकातली ती दोन-चार वाक्ये ‘अनावश्यक’ म्हणून कापली, की हा सगळा अर्थ नाहीसा होतो. उरते ती फक्त गणिकेची आणि ब्राह्मणाची प्रेमकथा.

आता हसण्याच्या दिशेबद्दल. नाटकात सर्वांत जास्त हशा शकारावर होतो. तो रामायण-महाभारताची सरमिसळ करतो आणि ‘स’चा ‘श’ उच्चारतो. तो दुष्ट आहे यात शंका नाही. पण त्याची थट्टा त्याच्या सत्तेची कमी आणि त्याच्या हीन मानलेल्या जन्माची व बोलीची जास्त आहे. ही बोली कोणाची? शकाराची भाषा मागधीचाच एक प्रकार. भिक्खू मागधी बोलतो, शकाराचा गुलाम स्थावरक मागधी बोलतो आणि चांडाळांची भाषाही त्याच कुळातली. उच्चवर्णीय पुरुष संस्कृत बोलतात. तळातल्या सर्वांच्या तोंडी हसवणारी बोली दिली आहे, मग तो खुनी असो की प्राण वाचवणारा. मराठी रंगभूमीवर गडी-मोलकरणीच्या गावरान बोलीवर काढलेले हशे आठवा. ती सवय जुनी आहे.

त्या स्थावरकाकडे पाहा. मालकाने वसंतसेनेला मारायला सांगितले तेव्हा तो नकार देतो. माझ्या शरीरावर तुमची मालकी आहे, माझ्या चारित्र्यावर नाही, असे त्याचे म्हणणे. तो डांबलेल्या जागेतून उडी मारून रस्त्यावर येतो आणि भर लोकांत खरे सांगतो. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो गुलाम आहे. अत्याचाराच्या खटल्यांत आपल्या साक्षीदारांचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

नवव्या अंकात न्यायाधीश मनूचा आधार घेतो: ब्राह्मण दोषी असला तरी त्याचा वध करू नये, त्याला धनासह हद्दपार करावे. पालक राजा ते धुडकावून मृत्युदंड देतो. नाटकाच्या दृष्टीने हा राजाचा जुलूम आहे. चारुदत्त निर्दोष आहे, म्हणून आपण त्याच्या बाजूने असतो. पण त्याच्या निर्दोष असण्याबरोबर मनूचा कायदाही आपल्या गळी उतरवला जातो. आजच्या प्रयोगात हे दोन धागे वेगळे दिसले पाहिजेत. २५ डिसेंबर १९२७ नंतरच्या प्रेक्षकाला मनूचे ते वचन निमूटपणे ऐकवता येणार नाही.

शेवटी क्रांती होते. गवळ्याचा पोर आर्यक पालकाला मारून राजा होतो. स्थावरकाची गुलामी संपते. वसंतसेनेला ‘वधू’ हा दर्जा मिळतो. भिक्खू सर्व विहारांचा प्रमुख होतो. आणि चांडाळांना काय मिळते? त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख केले जाते. याच चांडाळांनी काही वेळापूर्वी म्हटलेले असते की आम्ही या कुळात जन्मलो म्हणून चांडाळ ठरत नाही, सज्जनाला छळणारे ते खरे चांडाळ. इतका मोठा विचार मांडणाऱ्यांना राज्य बदलल्यावर बक्षीस म्हणून त्यांचीच जात परत मिळते, फक्त एक पायरी वर. श्रेणीबद्ध विषमता यापेक्षा सोप्या भाषेत समजावता येणार नाही. राजा बदलला, शिडी तशीच राहिली. आपल्या प्रयोगाचा शेवट इथेच, या बक्षिसावर, थांबला पाहिजे. हे बक्षीस चांडाळाने घ्यावे की नाकारावे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या हातात द्यावा.

कोणी म्हणेल, अभिजात कलाकृतीशी अशी छेडछाड करावी का? इतिहास सांगतो की ‘मृच्छकटिक’ स्वतःच छेडछाडीतून जन्मले. भासाच्या नावावरचे ‘चारुदत्त’ हे चार अंकी नाटक त्याच्या पहिल्या चार अंकांशी जवळजवळ जुळते, पण आर्यकाच्या बंडाचा धागा त्यात नाही. म्हणजे जुन्या प्रेमकथेत राजकारण घालण्याचे काम शूद्रकाचे. पुढे देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले. १९५८ साली दिल्लीत हबीब तन्वीर यांनी ‘मिट्टी की गाडी’ केले, त्यात छत्तीसगडच्या नाचा परंपरेतले सहा कलावंत होते. ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम यांच्यासारख्यांच्या तोंडी ‘अभिजात’ नाटक आले. तन्वीर यांचे म्हणणे होते की संस्कृत नाटकाची स्थळकाळाची मोकळीक आज लोकनाट्यात जिवंत आहे. भाषेच्या प्रश्नाला दिलेले ते मोठे उत्तर होते. १९८४च्या ‘उत्सव’ चित्रपटाने मात्र वात्स्यायनाला सूत्रधार करून सगळा भर शृंगारावर टाकला.

आणि आपली परंपरा? संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे नायकाचा खादाड ब्राह्मण मित्र. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले, त्यात हाच विदूषक जोशाची लबाडी उघडी करू लागला. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले, यात नवल नाही. पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि हसू कोणावर, हे बदलले. जुन्या विनोदाचे नवे नाटक कसे करायचे, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

म्हणून महाविद्यालयीन एकांकिका करणाऱ्या, पथनाट्य करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की ‘मृच्छकटिक’ टाकू नका आणि पुजूही नका. एक भाषांतर मिळवा, सातवा, आठवा आणि दहावा अंक गटाने मोठ्याने वाचा. प्रत्येक हशाच्या जागी थांबा आणि विचारा, इथे कोण कोणावर हसतो आहे? मग भिक्खूला मंचाच्या मधोमध आणा. चारुदत्ताला वाट बदलताना सगळ्यांना दिसू द्या. चांडाळांची भूमिका तुमच्यातल्या सर्वांत चांगल्या नटांना द्या आणि त्यांना तुमच्या वस्तीची बोली बोलू द्या.

बाबासाहेबांनी या नाटकातून पुरावा काढून दाखवला. त्या पुराव्याचा प्रयोग करणे आपले काम आहे.

जय भीम!