ट्रकच्या इंजिनातील बदली थ्रॉटल बॉडी

थ्रॉटल बॉडी हा ठिणगीने प्रज्वलन होणाऱ्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचे प्रमाण नियंत्रित करणारा भाग होय. मूळ उत्पादकाच्या भागाऐवजी अन्य कंपनीची, बहुधा मोठ्या व्यासाची थ्रॉटल बॉडी बसवून इंजिनाची शक्ती वाढवण्याचा प्रयत्न केला जातो. अशा भागांची बाजारपेठ मुख्यतः अमेरिकेतील पेट्रोल पिकअप ट्रकभोवती वाढली. भारतातील बहुतेक मालवाहू ट्रक डिझेलवर चालत असल्यामुळे येथे हा बदल क्वचितच उपयोगी ठरतो. सीएनजी ट्रकमध्ये मात्र थ्रॉटल बॉडी अत्यावश्यक असते.

## रचना व कार्य

थ्रॉटल बॉडी एअर फिल्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या दरम्यान असते. तिच्या गोल छिद्रात दांड्यावर फिरणारे एक पाते असते. जुन्या वाहनांत हे पाते ॲक्सिलरेटरच्या केबलने उघडत असे. आधुनिक वाहनांत पेडलवरील सेन्सरचा संदेश घेऊन इंजिन नियंत्रक लहान विद्युत मोटरद्वारे ते फिरवतो. आत आलेल्या हवेच्या प्रमाणात इंधन सोडले जाते. पेट्रोलसाठी हवा व इंधनाचे वजनी गुणोत्तर सुमारे १४.७ : १, तर मिथेनप्रधान सीएनजीसाठी सुमारे १७.२ : १ असते.

## डिझेल ट्रकमधील स्थान

डिझेल इंजिनाची शक्ती हवा अडवून नव्हे, तर इंजेक्टरमधून सोडल्या जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण बदलून नियंत्रित केली जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या अनेक डिझेल इंजिनांत हवेच्या मार्गावर थ्रॉटल झडप आढळते. परंतु तिचे काम निराळे आहे. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात वळवण्यासाठी दाबाचा फरक निर्माण करणे, काजळी गाळणी स्वच्छ होताना धुराचे तापमान वाढवणे आणि इंजिन धक्का न बसता बंद करणे, ही तिची कार्ये होत. पूर्ण भारावर ती उघडीच असते. त्यामुळे तिचा व्यास वाढवून शक्ती वाढत नाही, उलट प्रदूषण नियंत्रणाची घडी विस्कटू शकते.

## पर्यायांची तुलना

| पर्याय | काय बदलते | लाभ | मर्यादा |
|---|---|---|---|
| मोठ्या व्यासाची थ्रॉटल बॉडी | छिद्राचे क्षेत्रफळ | जास्त फेऱ्यांवरील पेट्रोल इंजिनात काही शक्तिवाढ | मॅनिफोल्डचे तोंड तेवढेच असल्यास निरुपयोगी. नियंत्रकाचे पुनर्समायोजन लागते |
| थ्रॉटल बॉडी स्पेसर | मॅनिफोल्डपासूनचे अंतर | नगण्य | सांध्यातून हवा गळण्याची शक्यता |
| पेडल नियंत्रक | पेडलचा संदेश | प्रतिसाद जलद भासतो | कमाल शक्ती वाढत नाही |
| मूळ मापाचा नवा भाग | झिजलेला दांडा, सेन्सर | मूळ शक्ती व स्थिर आयडलिंग परत मिळते | मूळ क्षमतेपलीकडे वाढ नाही |
| सफाई | साचलेला तेलकट थर | अल्प खर्चात आयडलिंग सुधारते | काही वाहनांत नंतर आयडलिंग पुन्हा जुळवावे लागते |

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील व्ही-८ इंजिनांसाठी १०२ मिमीच्याही थ्रॉटल बॉडी मिळतात. मात्र त्या बहुधा मोठा मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट यांसोबत बसवल्या जातात.

## व्यासाचा प्रत्यक्ष परिणाम

३.८ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर सुमारे ४,७५० लिटर हवा ओढते. ६० मिमी छिद्रातून या हवेचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर असतो आणि त्या वेगाशी निगडित दाब सुमारे ०.४७ किलोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. व्यास ६५ मिमी केल्यास क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते आणि हा दाब सुमारे ०.३४ किलोपास्कल होतो. म्हणजे बचत वातावरणीय दाबाच्या जेमतेम ०.१३ टक्के. पात्याच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्ष तोटा काहीसा जास्त असला, तरी तो अल्पच राहतो.

हा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच इंजिन ६,००० फेऱ्यांवर चालू शकले असते, तर ६० मिमी छिद्राशी हा दाब २.७ किलोपास्कल झाला असता. शर्यतीच्या मोटारींत मोठी थ्रॉटल बॉडी उपयोगी पडते ती यामुळे. ट्रकचे इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त टॉर्क देण्यासाठी बनवलेले असते.

## धाराशिव जिल्ह्यातील वापर

धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येरमाळा असा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग–उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढतो. भरलेला ट्रक हा चढ खालच्या गिअरमध्ये, मर्यादित फेऱ्यांवर चढतो; तेव्हा हवेचा प्रवाह थ्रॉटल बॉडीच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी असतो.

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनावर उंचीचा हा परिणाम वरील उदाहरणातील व्यासबदलाच्या सुमारे पन्नास पट ठरतो. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने हवा बराच काळ कोरडी व धुळीची असते. उसाच्या फडापर्यंत कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या वाहनांचा एअर फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून शक्ती कमी झाल्याची तक्रार असल्यास एअर फिल्टर, टर्बोचार्जरचे होज, इंधन गाळणी आणि इंजेक्टर यांची तपासणी आधी करणे योग्य ठरते.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेला बदल सुटे भाग बसवून केला असला तरी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ मापाचा व दर्जाचा भाग बसवणे ही मात्र साधी दुरुस्ती होय.