पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतोय? बटण दाबण्याआधी हे वाचा!

पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली जाते आणि स्क्रीनवर निरोप येतो : ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. आत लग्नाचे फोटो असतात, दुकानाचा हिशेब असतो, नाहीतर प्रबंधाचं तीन वर्षांचं काम. कॉम्प्युटरच सांगतोय म्हटल्यावर बरेच जण घाईघाईत ‘फॉरमॅट डिस्क’वर क्लिक करतात आणि वाचवता आला असता असा डेटा स्वतःच्या हाताने घालवतात.

हा निरोप आला म्हणजे फाईल्स पुसल्या गेल्या, असं नाही. अनेकदा त्या जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती ‘फाईल सिस्टीम’.

फाईल सिस्टीम म्हणजे डिस्कचा सातबारा

डिस्कचा एक भाग म्हणजे पार्टिशन. ते लाखो छोट्या तुकड्यांत विभागलेलं असतं आणि या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. क्लस्टर ४ केबीचा असेल, तर ४ एमबीच्या एका फोटोला सुमारे १,००० क्लस्टर लागतात. कोणता क्लस्टर कोणत्या फाईलचा आणि कोणता मोकळा, याची नोंद फाईल सिस्टीम ठेवते.

सोप्या भाषेत सांगायचं तर डेटा म्हणजे जमीन आणि फाईल सिस्टीम म्हणजे तिचा सातबारा. सातबाऱ्यात घोळ झाला म्हणून शेत नाहीसं होत नाही, पण ते कोणाचं हे कागदावरून सांगता येत नाही.

डिस्कवरही असेच घोळ होतात. कधी एकच क्लस्टर दोन फाईल्सच्या नावावर चढतो. कधी वापरातला क्लस्टर कोणाच्याच नावावर नसतो. कधी दप्तराचं पहिलं पान, म्हणजे बूट सेक्टरच खराब होतो. अशा वेळी विंडोजला फाईल सिस्टीम ओळखताच येत नाही. ती त्या पार्टिशनला ‘रॉ’ म्हणते आणि फॉरमॅट करायला सांगते.

बिघाड होतो कसा?

फाईल सेव्ह करताना कॉम्प्युटर डेटा लिहितो, क्लस्टर वापरात घेतल्याची नोंद करतो आणि फोल्डरमध्ये नाव चढवतो. ही कामं एका क्षणात होत नाहीत. मध्येच वीज गेली किंवा ‘इजेक्ट’ न करता पेनड्राइव्ह उपसला, तर नोंद अर्धवट राहते.

यावर उपाय म्हणून ‘जर्नल’ आलं. बदल करण्याआधी काय बदलणार आहे ते एका वहीत टिपून ठेवायचं, म्हणजे काम अर्ध्यावर थांबलं तरी पुढच्या वेळी ते पूर्ण करता येतं किंवा मागे घेता येतं. विंडोजच्या १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएसमध्ये अशी सोय आहे. लिनक्सच्या ईएक्सटी३ मध्ये ती २००१ साली आली. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर मात्र सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि या दोन्हींत जर्नल नसतं. त्यामुळे अचानक उपसण्याचा फटका त्यांना जास्त बसतो.

दुसरं कारण डिस्कच्या यंत्रणेतलं असतं : खराब सेक्टर, सैल केबल, झिजलेली मेमरी चिप.

आधी निदान

१. डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. जो क्लस्टर मोकळा समजून नवी फाईल लिहिली जाईल, तिथेच जुना फोटो असू शकतो.

२. केबल आणि पोर्ट बदलून पाहा, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. दोष साध्या केबलचाही असू शकतो.

३. हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. हा यंत्राचा बिघाड आहे, तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

४. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कची क्षमता बरोबर दिसते का पाहा. क्षमता बरोबर पण फाईल सिस्टीम ‘रॉ’, तर दोष नोंदींत असण्याची शक्यता अधिक. ‘नो मीडिया’ दिसत असेल, तर दोष बहुधा हार्डवेअरमध्ये.

५. हार्ड डिस्कची प्रकृती ‘स्मार्ट’ अहवालात कळते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तो दाखवतं. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर डिस्क शेवटाकडे निघाली आहे असं समजा.

दुरुस्तीआधी नक्कल

ड्राइव्ह अजून उघडत असेल, तर सर्वांत महत्त्वाच्या फाईल्स आधी दुसरीकडे कॉपी करा. उघडत नसेल, तर पूर्ण डिस्कची तंतोतंत प्रत, म्हणजे ‘इमेज’ बनवा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन चांगले भाग आधी वाचून घेतं आणि खराब जागा शेवटी पुन्हा तपासतं. त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बराचसा डेटा हाती आलेला असतो. प्रत ठेवायला तेवढीच किंवा जास्त मोकळी जागा लागते. पुढचे प्रयोग या प्रतीवर करा.

आता दुरुस्ती

विंडोज : कमांड प्रॉम्प्टमध्ये सी, एच, के, डी, एस, के ही अक्षरं आणि ड्राइव्हचं नाव टाइप केलं की ‘चेकडिस्क’ चालतं. एवढंच दिलं तर ते फक्त तपासतं, काही बदलत नाही. ‘/एफ’ जोडलं तर चुका दुरुस्त करतं. ‘/आर’ खराब सेक्टरही शोधतं, पण त्यासाठी पूर्ण डिस्क वाचली जाते. मरणासन्न डिस्कला हा ताण झेपत नाही.

पार्टिशन ‘रॉ’ असेल तर चेकडिस्क चालत नाही. तिथे टेस्टडिस्क उपयोगी पडतं. एनटीएफएस बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवते. टेस्टडिस्क ती वापरून पहिलं पान पुन्हा लिहू शकतं.

लिनक्स : ‘एफएसचेक’ वापरतात. त्याआधी पार्टिशन अनमाउंट करावंच लागतं, नाहीतर दुरुस्तीच नवा बिघाड करते. ईएक्सटी४ वर आधी ‘-एन’ देऊन फक्त तपासणी करता येते.

मॅक : ‘डिस्क युटिलिटी’मधलं ‘फर्स्ट एड’ हेच काम करतं.

दुरुस्ती झाली, मग फाईल्स कुठे गेल्या?

इथेच अनेकांची फसगत होते. चेकडिस्क आणि एफएसचेक यांचं काम नोंदी एकमेकींशी जुळवणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. एखादी नोंद जुळत नसेल तर ते ती काढूनही टाकतात. दप्तर स्वच्छ होतं, पण एखाद्याचं शेत त्यातून कायमचं वगळलं जाऊ शकतं. म्हणूनच नक्कल आधी आणि दुरुस्ती नंतर.

बेवारस तुकडे मात्र कुठेतरी ठेवले जातात. विंडोज ते ‘फाऊंड’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, तर लिनक्स ‘लॉस्ट+फाऊंड’मध्ये टाकतं. फाईल हरवली असेल तर आधी तिथे शोधा.

तरीही सापडली नाही, तर फोटोरेक हे मोफत साधन आहे. ते सातबारा बघतच नाही, थेट जमीन चालत जातं. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती खूण ओळखून ते फाईल बाहेर काढतं. मूळ नावं आणि फोल्डर मात्र परत मिळत नाहीत, आणि तुकड्यांत विखुरलेल्या फाईल्स अपुऱ्या निघू शकतात. सापडलेल्या फाईल्स दुसऱ्याच डिस्कवर सेव्ह करा.

फॉरमॅट आधीच झालं असेल तर?

हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ झालं असेल, तर नवं दप्तर उघडलेलं असतं, पण बराचसा जुना डेटा शिल्लक असतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्य लिहिली जातात. मग काही उरत नाही. एसएसडीवर ‘ट्रिम’ चालू असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही आशा फार कमी असते.

डेटा अमूल्य असेल आणि डिस्क आवाज करत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरी लॅबकडे जावं. आणि डिस्क धडधाकट असतानाच दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. दुरुस्तीची सगळी साधनं मिळूनही या एका सवयीची बरोबरी करू शकत नाहीत.