‘बरोबर’ शब्दाची कुळकथा

दोन वस्तू सारख्या आहेत असे सांगावयाचे झाले, तर मराठीजवळ दोन निरनिराळ्या कुळांतले शब्द आहेत. एक संस्कृतातला ‘तुल्य’ आणि दुसरा फारसीतून आलेला ‘बरोबर’. दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच. पण त्या अर्थाला पोहोचण्याच्या वाटा अगदी वेगळ्या.

‘तुल्य’ हा शब्द पाणिनीने ‘तुला’ शब्दापासून सिद्ध केला आहे. तुलेने, म्हणजे तराजूने, मापून जे सारखे ठरते ते तुल्य. ह्या कल्पनेत तराजू धरणारा हात तिसऱ्याचा असतो. ‘बरोबर’चे मूळ फारसी ‘बराबर’. ‘बर’ म्हणजे छाती. छातीसमोर छाती करून उभे राहिलेले दोघे बराबर. येथे तोलणारा तिसरा कोणी लागत नाही.

बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसीचा वावर होता. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ‘बरोबर’ मात्र बोलण्यात टिकून राहिला; कारण तो दरबारापुरता उरलाच नव्हता, लोकांच्या जिभेवर रुळला होता.

हा शब्द भारतभर पसरला आणि प्रांतोप्रांती त्याने निराळे रूप घेतले. हिंदीत तो मुख्यतः सारखेपणा सांगतो, गुजरातीत ‘ठीक, योग्य’ असेही सुचवितो, तर बंगालीत त्याला ‘नेहमी’ असाही अर्थ आला. मराठीत त्याचे तीन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘दोन अधिक दोन बरोबर चार’ येथे समानता, ‘उत्तर बरोबर आहे’ येथे सत्य, आणि ‘माझ्याबरोबर चल’ येथे सोबत.

परंतु शब्द उदार असला म्हणजे समाजही तसाच असतो असे नव्हे. ‘आमची बरोबरी करतोस काय?’ हा दरडावणीचा प्रश्नही ह्याच मराठीतला. समानतेच्या शब्दानेच आपण शतकानुशतके पायरी दाखवीत आलो. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाने कायद्यापुढील समानतेची हमी दिली आणि त्या जुन्या प्रश्नातला अधिकारच काढून घेतला.

राज्यकारभार चालविणाऱ्यांनी ही कुळकथा विशेष ध्यानात ठेवावी. कचेरीच्या दारी आलेला नागरिक तोलून घेण्यासाठी आलेला नसतो. तो बरोबरीच्या नात्याने समोर उभा असतो.