स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर : निवडीचा क्रम

उत्पादकाने मूळ बसवलेल्या स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी बाजारातील अन्य संच बसवावयाचा असता निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत, एवढाच प्रश्न येथे विवेच्य आहे. कोणता संच उत्तम, हा प्रश्न क्रम निश्चित होण्यापूर्वी निरर्थक आहे. उदाहरणासाठी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात प्रथम सादर झालेली माझदा एमएक्स-५, तिची पहिली पिढी, घेतली आहे. चारही चाकांना दुहेरी विशबोन, वजन सुमारे ९५० किलोग्रॅम, पुढील व मागील आसांतील अंतर २,२६५ मिलिमीटर. गाडी हलकी असून चाकांना वर-खाली होण्यास जागा थोडी आहे. त्यामुळे निवडीतील दोष तिच्यात लवकर प्रकट होतात.

प्रथम व्याख्या. चाक स्थिर अवस्थेपासून वर जाऊ शकते ती चढती चाल. खाली जाऊ शकते ती उतरती चाल. चढत्या चालीच्या अखेरीस रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप असतो. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल म्हणजे स्प्रिंगेची ताठरता. स्प्रिंग मात्र चाकावर उभी नसते, विशबोनच्या मधल्या भागावर टेकलेली असते. म्हणून स्प्रिंगेचे दबणे आणि चाकाचे उचलणे यांचे गुणोत्तर एकाहून कमी असते. या गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगेच्या ताठरतेस गुणले असता चाकाशी जाणवणारी ताठरता मिळते. वर्ग येण्याचे कारण असे की तरफेमुळे घट दोनदा होते: स्प्रिंग कमी दबते म्हणून बल कमी निर्माण होते, आणि निर्माण झालेले बल चाकाशी पुन्हा कमी होऊन पोहोचते. जाहिरातीत छापलेली संख्या स्प्रिंगेची असते. गाडीला कळते ती चाकाशी ताठरता. दोन भिन्न गाड्यांच्या स्प्रिंगांची संख्यांवरून तुलना करणे या कारणाने व्यर्थ आहे.

तुलनेस योग्य राशी म्हणजे नैसर्गिक वारंवारता. चाकाशी ताठरता आणि त्या कोपऱ्यावर स्प्रिंगेने पेललेले वस्तुमान यांच्या भागाकाराचे वर्गमूळ काढून त्यास दोन पायने भागले की ती मिळते. सामान्य प्रवासी गाडीत ती एक ते दीड हर्ट्झ, रस्त्यावरील स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन, आणि शर्यतीच्या गाडीत त्याहून पुढे असते. आता एका कोपऱ्यावर २२० किलोग्रॅम वस्तुमान व ०.७ गुणोत्तर गृहीत धरू. दीड हर्ट्झसाठी चाकाशी १९.५ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरता लागते, म्हणजे स्प्रिंग सुमारे ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची हवी. दोन हर्ट्झसाठी चाकाशी ३४.७, म्हणजे स्प्रिंग सुमारे ७१ न्यूटनची. वारंवारता एक तृतीयांशाने वाढली. स्प्रिंग जवळजवळ पाऊणपटीने अधिक ताठ झाली.

येथे बाजाराचा क्रम व शास्त्राचा क्रम यांत भेद पडतो. ग्राहक प्रथम गाडीची उंची ठरवतो, कारण उंची डोळ्यांना दिसते. नंतर स्प्रिंग घेतो. शॉक ॲब्सॉर्बर पैसे उरल्यास. वस्तुतः उंची कमी करणे म्हणजे चढती चाल खर्च करणे होय. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली की चढत्या चालीतून तेवढे ३० मिलिमीटर वजा होतात. उत्तर असे दिले जाते की ताठ स्प्रिंग गाडीला कमी दबू देते, म्हणून हिशेब जुळतो. तो जुळतो का, हे गणितानेच पाहावे.

समजा वेगात वळण घेताना पुढील बाहेरच्या चाकावर १,५०० न्यूटन अधिक भार येतो, आणि अँटी-रोल बारची चाकाशी ताठरता मूळ स्प्रिंगेइतकीच, १९.५ आहे. मूळ स्थितीत एकूण ताठरता ३९. गाडी त्या कोपऱ्यावर ३८ मिलिमीटर दबते. दोन हर्ट्झच्या स्प्रिंगेसह एकूण ५४.२, दबणे सुमारे २८ मिलिमीटर. स्प्रिंग पाऊणपटीने ताठ करूनही वाचले ते दहा-अकरा मिलिमीटर, खर्च झाले तीस. शिवाय वळणाच्या मध्यात रस्त्याचा उंचवटा आला तर चाकाला त्याच्यावर चढावेच लागते. ती उंची स्प्रिंग बदलल्याने कमी होत नाही.

चाल संपली की बंप स्टॉप स्प्रिंगेचे काम करू लागतो. त्याची ताठरता दबण्याबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे त्या आसाची एकूण ताठरता एकाएकी चढते. हे पुढे घडल्यास पुढची चाके पकड सोडतात व गाडी वळणाबाहेर सरकते. मागे घडल्यास मागचा भाग फिरतो. चालक दोष टायरला देतो. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत बंप स्टॉप मुळातच लांब आहेत व चढती चाल तोकडी आहे. उंची अधिक उतरवलेली गाडी साध्या रस्त्यावरही त्यांच्यावर टेकून चालते. यास्तव पहिला निर्णय चालीचा: शॉक ॲब्सॉर्बरचे शरीर आखूड घ्यावे, किंवा वरचे माउंट असे घ्यावे की दांड्याला अधिक जागा मिळेल. दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट पहिल्या पिढीत वापरण्याची रीत याच हेतूने रूढ झाली. बंप स्टॉप मात्र कापून टाकू नये. आखूड व मऊ स्टॉप निवडणे वेगळे, आणि धातूवर धातू आदळू देणे वेगळे.

दुसरा निर्णय स्प्रिंगेचा. सर्पिल स्प्रिंगेची ताठरता तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात असते, आणि वेटोळ्याच्या व्यासाचा घन व कार्यक्षम वेढ्यांची संख्या यांच्या व्यस्त प्रमाणात. तार १० मिलिमीटरऐवजी ११ घेतली तर ताठरता ४६ टक्क्यांनी वाढते. आठपैकी एक वेढा कापला तर केवळ १४ टक्के. उंची मात्र बरीच उतरते. गॅरेजमध्ये ग्राइंडरने स्प्रिंग कापण्याचा उपाय स्वस्त ठरतो तो चाल हिशेबात धरलेली नसते म्हणूनच. कापलेल्या स्प्रिंगेचे टोक बैठकीत नीट बसत नाही, हा त्यावरचा अधिक दोष.

स्प्रिंगांचे प्रकार दोन. एकसमान स्प्रिंगेची ताठरता सर्वत्र सारखी. वर्धमान स्प्रिंगेची दबण्याबरोबर वाढणारी. वर्धमान प्रकार सुखकर असतो, परंतु त्याच्याशी जुळणारा शॉक ॲब्सॉर्बर निवडणे कठीण, कारण जुळवावयाची राशीच स्थिर राहत नाही. गंभीर उपयोगासाठी एकसमान प्रकार श्रेयस्कर. आटे असलेल्या नळीवरील संचात खालची बैठक फिरवून वर घेतल्याने स्प्रिंग ताठ होते, असा समज व्यापक आहे. एकसमान स्प्रिंगेच्या बाबतीत तो चुकीचा आहे: गाडी उंच होते, ताठरता तीच राहते. चाक पूर्ण खाली लोंबत असताना स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही, एवढे मात्र पाहणे आवश्यक.

पुढील व मागील वारंवारता समान असू नयेत. रस्त्याचा उंचवटा प्रथम पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. ताशी ६० किलोमीटर वेगाने एमएक्स-५ च्या दोन आसांमधील विलंब सुमारे ०.१४ सेकंद. मागचा भाग किंचित अधिक वारंवारतेने हलला तर तो पुढच्या भागाला गाठतो, आणि गाडीचे डोलणे सपाट वर-खाली हालचालीत परिणत होते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात हा नियम प्रयोगाने प्रस्थापित केला. शर्यतपट्टीसाठीचे अनेक संच तो उलटवतात व पुढचा भाग ताठ ठेवतात. सपाट डांबरावर त्यास कारण असू शकते. रस्त्यावर चालवणाऱ्याने ऑली यांचाच पक्ष घ्यावा.

तिसरा निर्णय अवमंदनाचा. शॉक ॲब्सॉर्बर भार पेलत नाही. स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणाने उष्णतेत घालवतो. त्याचे बल विस्थापनावर नव्हे, वेगावर अवलंबून असते. धक्क्यानंतर एकही आंदोलन न होता गाडी शक्य तितक्या लवकर स्थिरावते ते क्रांतिक अवमंदन. प्रत्यक्ष अवमंदनाचे त्याच्याशी गुणोत्तर ही विचारणीय राशी. गुणोत्तर ०.३ असता गाडी विरुद्ध बाजूस मूळ विस्थापनाच्या ३७ टक्के जाते, ०.४ असता २५ टक्के, ०.६५ असता ७ टक्के. क्रांतिक अवमंदन चाकाशी ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणून वारंवारता दीडवरून दोनवर नेऊन जुनाच शॉक ॲब्सॉर्बर ठेवला तर ०.४ चे गुणोत्तर ०.३ वर उतरते. ताठ स्प्रिंग घालूनही गाडी उसळते, या नेहमीच्या तक्रारीची उपपत्ती एवढीच आहे. केवळ स्प्रिंगा बदलणे ही अर्धी नव्हे, उलट दिशेची सुधारणा होय.

अवमंदनाचे दोन भेद लक्षात ठेवावेत. दिशेनुसार: दबताना आणि उसळताना. उसळतानाचे अवमंदन सामान्यतः अधिक असते, कारण साठलेली ऊर्जा परत येण्याचा क्षण तोच. ते अतिशय वाढवले तर सलग खड्ड्यांत चाक पूर्ण खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो, आणि गाडी पायरीपायरीने खाली बसत बंप स्टॉपवर टेकते. चाल पुन्हा नष्ट. वेगानुसार: गाडीच्या कलण्याशी संबंधित मंद वेग आणि खड्ड्याशी संबंधित शीघ्र वेग. चांगल्या झडपेत मंद वेगाला बल लवकर चढते व शीघ्र वेगाला वाढ मंदावते.

रचनेचे प्रकार दुहेरी नळीचा व एकेरी नळीचा. एकेरी नळीत नायट्रोजन उच्च दाबाखाली असून तरत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. तेल फेसाळत नाही व उष्णता थेट बाहेर जाते. हा दाब दांड्याला बाहेर ढकलतो. १४ मिलिमीटर दांडा आणि २० बार दाब असल्यास हे बल सुमारे ३०८ न्यूटन येते. ४० न्यूटनच्या स्प्रिंगेबरोबर गाडी त्या ठिकाणी जवळजवळ आठ मिलिमीटर उंच बसते. हे ठाऊक नसलेला ग्राहक स्प्रिंग चुकीची आली असे समजतो.

कळीने बदलता येणारे अवमंदन उपयुक्त आहे, पण मर्यादेत. कोनीच्या पिवळ्या मालिकेत केवळ उसळतानाचे अवमंदन बदलता येते. ताठ स्प्रिंगेस प्रामुख्याने त्याचीच गरज असल्याने ही मर्यादा गुणच मानावी. दोन स्वतंत्र कळ्या आणि प्रत्येकीस वीस टप्पे असतील तर चारशे जोड्या होतात. मापनाचे साधन नसलेल्या चालकासाठी त्यांतील बहुसंख्य जोड्या चुकीच्या आहेत.

बसवणीतील एक बाब निवडीइतकीच महत्त्वाची आहे. विशबोनच्या सांध्यांतील रबरी बुश आतील व बाहेरील नळ्यांना चिकटलेले असतात व पीळ सहन करून काम करतात. गाडी जॅकवर, चाके लोंबत असताना बोल्ट आवळले तर जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो, तो पीळ स्प्रिंगेच्या ताठरतेत मिसळतो आणि रबर लवकर फाटते. म्हणून बोल्ट प्रथम सैल ठेवावेत, गाडी चाकांवर उभी करून नव्या उंचीवर स्थिर होऊ द्यावी, मग आवळावेत. चाकांचे अलाइनमेंट त्यानंतर.