शुक्रवारची नवी देवी
बीड जिल्ह्याला देवींची वाण कधीच नव्हती. अंबाजोगाईची योगेश्वरी तर थेट कोकणातल्या घराण्यांची कुलस्वामिनी, आणि तुळजापूरही फार लांब नाही. तरीही 1975 नंतर मराठवाड्यातल्या देवघरांत जिची कथा कुठल्याच पुराणात सापडत नाही अशी एक देवी येऊन बसली: संतोषीमाता.

ती सिनेमातूनच जन्मली, हे काही खरं नाही. साठच्या दशकात तिच्या व्रताच्या पोथ्या उत्तरेत फिरत होत्या, जोधपूरला देऊळही होतं. मग विजय शर्मांचा ‘जय संतोषी माँ’ आला आणि ‘शोले’च्याच वर्षात तुफान चालला. बाया चपला काढून थिएटरात शिरत, पडद्यावर नाणी उधळत. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती गावोगाव पोचली. गणपतीला मुलगी आहे, हे महाराष्ट्रात बहुतेकांना तेव्हाच कळलं!

पण सिनेमे येतात-जातात. देवी टिकली, कारण तिची जागा आधीच तयार होती. श्रावणातल्या शुक्रवारी आपल्याकडे भिंतीवर जिवतीचा छापील कागद लावतात, लेकरांना ओवाळतात, गूळ-फुटाण्यांचा प्रसाद वाटतात. नव्या देवीचाही वार शुक्रवार, नैवेद्य गूळ-चणे, रूप छापील तसबिरीतलं. भटजी नको, मुहूर्त नको. 16 शुक्रवार आणि कथा वाचणारी एक बाई पुरे. कथेतली नायिका सात भावांतल्या धाकट्याची बायको. सासरी तिला कोंड्याची भाकरी आणि करवंटीत पाणी मिळतं. ऐकणाऱ्या बायकांना याहून जास्त काही समजावून सांगायची गरज नव्हती.

अवघड होतं ते आंबट वर्ज्य करणं. आमटीत चिंच आणि भाकरीबरोबर ताक असणाऱ्या घरात हे सोपं नाही. उद्यापनाला जेवायला बोलावलेल्या मुलांच्या हातावर पैसेही ठेवायचे नाहीत. कथेतल्या पोरांनी त्या पैशांची चिंच खाल्ली आणि देवी कोपली.

पुढे वैभवलक्ष्मी आली. वार पुन्हा शुक्रवारच, पण आंबटाची अट नाही. शिवाय उद्यापनाला बायकांना त्याच व्रताची पुस्तकं वाटायची. एकीचं व्रत संपलं की सात घरांत पोथी पोचलेली असते. संतोषीमातेच्या व्रतात ही सोय नव्हती. तिचा शुक्रवार दुसरीकडे गेला, त्याचं निम्मं कारण मला हेच वाटतं.